जुन्या रेकॉर्ड प्लेयरमधून गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प: लोखंड ठेवा, मेण फेका

इंदूरला रामबागेत आमच्या गल्लीत येणारा भंगारवाला लोखंड वेगळं, तांबं वेगळं तोलतो. लाकूड नि कागद तो हिशोबातच धरत नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच्या हातगाडीवर एक रेकॉर्ड प्लेयर उताणा पडलेला दिसला. रेक्झीन फाटलेलं, टोनआर्म मोडलेला, तबकडीवर कुणाच्या तरी घरचे हळदीचे डाग. "भिया, इसमें मोटर है, ट्रांसफार्मर है, तौल के ही दूँगा," तो म्हणाला. मीही तोलूनच घेतला. त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. अशा सेटमधून गिटारचा अ‍ॅम्प करायचा तर काट्यावर वजन दाखवणारी चीजच कामाची, म्हणजे दोन ट्रान्सफॉर्मर: एक मेन्सचा (घरच्या विजेकडचा), एक आउटपुटचा (स्पीकरकडचा). बाकी बरंचसं फेकायचंच असतं.

भाच्याच्या गिटारसाठी मी त्यातून साडेतीन वॅटचा अ‍ॅम्प केला. त्यानंतर आणखी तीन झाले. चुका पहिल्या दोघांत करून झाल्या, त्या पुढे येतीलच.

एक गोष्ट आधीच सांगतो. यात २०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि तो माणूस मारू शकतो. मेन्सवर कधीच हात चालवला नसेल तर पहिला अ‍ॅम्प एखाद्या जुन्या रेडिओ मेकॅनिकला शेजारी बसवून करा. अशी माणसं अजून आहेत, आणि चहा-पोह्यावर खूश होतात.

रेकॉर्ड प्लेयरच का

व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची, तापून चालणारी काचेची नळी. त्या काळातल्या घरगुती सेटमध्ये बहुतेक क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज (सुईचं थरथरणं विजेत बदलणारा भाग) असायचं. त्याचं आउटपुट भरघोस, पाव-अर्धा व्होल्ट सहज, आणि त्याला पुढे साधारण एक मेगओहमचा इनपुट लागतो. गिटारच्या तारांचं थरथरणं टिपणाऱ्या मॅग्नेटिक पिकअपलाही तेवढाच इनपुट मानवतो. म्हणून या सेटमधला अ‍ॅम्प गिटारच्या अ‍ॅम्पपासून फक्त एक पायरी दूर असतो. ही पायरी गेनची आहे, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो त्याची. सेटमध्ये बहुधा ईसीएल८२ नावाचा एकच व्हॉल्व्ह असतो. त्याच काचेत एक ट्रायोड आणि एक पेंटोड. ट्रायोड सिग्नल सुमारे पन्नास पट करतो आणि पेंटोड स्पीकर हलवतो. पेंटोडला पूर्ण ताकदीने चालवायला नऊ-दहा व्होल्टचं शिखर लागतं. सिंगल कॉइल पिकअपने हलक्या हाताने दिलेले १०० मिलिव्होल्ट पन्नास पट झाले तरी ५ व्होल्टच होतात. म्हणून गिटार थेट जोडली तर आवाज येतो, पण बिचारा येतो. आधी ईसीसी८३ या दोन ट्रायोडच्या व्हॉल्व्हचा एक टप्पा घातला की प्रश्न मिटतो.

चालू सेट मात्र फोडू नका. टोनआर्म, मोटर आणि सुई ठीक असेल तर ज्याला रेकॉर्ड ऐकायच्या आहेत त्याला तो द्या. सेटबरोबर रेकॉर्ड आल्या तर त्याही रद्दीत घालू नका. लताबाईंचा १९२९ चा जन्म आपल्या इंदूरचाच, आणि शहराबाहेर पिगडंबरला त्यांच्या नावाचं रेकॉर्डचं संग्रहालय आहे. फोडायचा तो ज्याची तबकडी गेली, लाकूड वाळवीने खाल्लं, पण चॅसी (सगळे भाग ज्यावर बसवतात तो पत्रा) शाबूत आहे असा सेट.

सगळ्यात आधी चॅसी तपासा

व्हॉल्व्हच्या काचेवरचं नाव पुसून वाचा. पहिलं अक्षर 'ई' असेल, म्हणजे ईसीएल८२, ईसीएल८६, ईझेड८०, तर फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) ६.३ व्होल्टचं. 'यू' असेल, म्हणजे यूसीएल८२, यूवाय८५, तर सावध व्हा. 'यू' जातीचे व्हॉल्व्ह १०० मिलिअँपिअरच्या माळेत लावतात आणि अशा सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर बहुधा नसतोच. मेन्सची एक तार सरळ चॅसीला. प्लग उलटा घातला की सगळी चॅसी फेज होते. लाकडी पेटीत बंद असलेल्या रेकॉर्ड प्लेयरमध्ये हे तेव्हा खपून गेलं. गिटारच्या तारा मात्र जॅकमधून चॅसीला जोडलेल्या असतात आणि त्यांच्यावर माणसाची बोटं असतात.

माझा दुसरा सेट असाच होता. व्हॉल्यूमचा नॉब बॅकेलाइटचा, म्हणून मी निर्धास्त. नॉबच्या बाजूला भोक आणि आत बारीक स्क्रू. त्या स्क्रूला बोट लागलं आणि कोपरापर्यंत झणका आला. नंतर कळलं की कंपन्या त्या भोकात मेण भरायच्या, ते याचसाठी. माझ्या सेटमधलं मेण कधीच गळून गेलं होतं.

'ई' जातीचे व्हॉल्व्ह दिसले म्हणूनही गाफील राहू नका. काही स्वस्त सेटमध्ये ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, जो चॅसीला मेन्सपासून वेगळं करत नाही, काहींत फिलामेंटचा करंट मोटरच्या वाइंडिंगमधून घेतलेला असतो. खात्री मीटरनेच करा. प्लग भिंतीतून काढा, सेटचं बटण चालू ठेवा, मीटर ओहमवर लावून प्लगच्या दोन्ही पिना पाळीपाळीने चॅसीशी तपासा. दोन्हीकडे काहीच वाचन नको, मीटर उघडाच दिसला पाहिजे. शून्य किंवा शे-दोनशे ओहम दिसले तर चॅसी मेन्सला जोडलेली आहे. असा सेट आहे तसा गिटारला लावायचा नाही, कोणी कितीही म्हणालं तरी. त्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर, सॉकेट, स्पीकर नि नॉब घ्या आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर नवा वळवून आणा. वाइंडिंगवाल्याला सांगायचं: प्रायमरी २३०, सेकंडरी एक १८० व्होल्ट १०० मिलिअँपिअर, दुसरी ६.३ व्होल्ट दीड अँपिअर. यूसीएल८२ च्या जागी ईसीएल८२ त्याच सॉकेटमध्ये, त्याच पिनांवर बसतो. फरक फक्त फिलामेंटचा.

उचकटताना

प्लग काढून झाल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टन्सला दोन इन्सुलेटेड चिमटे लावून तो कंडेन्सरच्या टोकांवर काही सेकंद धरा, मग मीटरने शून्य बघा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची सवय जुन्या मेकॅनिकांची आहे. ती त्यांनाच लखलाभ.

मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्या. ट्रान्सफॉर्मरच्या तारा त्याच्या अंगाजवळ कापायच्या नाहीत, दुसऱ्या टोकाला टॅगजवळ कापायच्या. जुनं इन्सुलेशन वाकवलं की पापडासारखं मोडतं. म्हणून तारेवर लगेच स्लीव्ह चढवा आणि चिकटपट्टीवर लिहून टाका की ही कुठून निघाली. दोन महिन्यांनी आठवत नाही, अनुभव आहे.

ठेवायचं काय? दोन्ही ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, सिरॅमिकचे सॉकेट, टॅग स्ट्रिप, स्पीकर, नॉब, पत्रा चांगला असेल तर चॅसी. व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करणारा रेझिस्टन्स) ५०० किलोओहम किंवा एक मेगओहमचा असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तोही. मोटर ज्या रबरी बुशांवर लटकलेली असते ते बुश नरम असतील तर जरूर राखा. ईसीसी८३ चं सॉकेट छोट्या पट्टीवर त्या बुशांत बसवलं की स्पीकरच्या धक्क्याने व्हॉल्व्ह टणटणत नाही. आवाजातला निम्मा कचरा मी याच युक्तीने घालवला.

फेकायचं: सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, मेणात बुडवलेले कागदी कंडेन्सर, सेलेनियमचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग), मेन्सची वायर, टोनआर्मची शील्डेड वायर. कार्बनचे रेझिस्टन्स मोजून बघितले तर बहुतेक वर सरकलेले निघतात, तेही जाऊ द्या.

मेणाच्या कंडेन्सरबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण पहिल्या अ‍ॅम्पमध्ये मी तिथेच माती खाल्ली. ट्रायोडचा अ‍ॅनोड आणि पेंटोडची ग्रिड (एकीकडून सिग्नल निघतो, दुसरीकडे शिरतो) यांच्यात जो कपलिंग कंडेन्सर असतो तो मीटरवर अगदी बरोबर व्हॅल्यू दाखवत होता. ठेवला. 'ओरिजिनल आवाज' वगैरे डोक्यात होतं. दहा मिनिटं छान वाजलं, मग आवाज फाटायला लागला. खोलीतला दिवा घालवून पाहिलं तर ईसीएल८२ च्या आत पत्र्यावर एक डाळिंबी ठिपका उमटला होता आणि तो पसरत होता. कंडेन्सर गळत होता. १५० व्होल्टमधला थोडा डीसी ग्रिडवर जात होता, व्हॉल्व्ह वाजवीपेक्षा किती तरी जास्त करंट ओढत होता. मीटरची ९ व्होल्टची बॅटरी ही गळती दाखवत नाही. आता मी तपासतच बसत नाही, सरसकट नवे पॉलिएस्टर ६३० व्होल्टचे घालतो. महाराणी रोडवर दोन-चार दुकानं फिरलं की सगळे मिळतात.

ट्रान्सफॉर्मर ओळखणे

आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी दोन-चारशे ओहम दाखवते, स्पीकरकडची बाजू एक ओहमच्याही आत. पण खरा आकडा गुणोत्तराचा. एक साधा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या, त्याचा एसी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला द्या आणि स्पीकरच्या बाजूला एसी मोजा. उलट करू नका. स्पीकरच्या बाजूला १२ व्होल्ट दिलेत तर पलीकडे चारशेच्या वर व्होल्ट उभे राहतील. समजा ०.३२ आले. १२ भागिले ०.३२ म्हणजे ३७.५. त्याचा वर्ग सुमारे १४००. स्पीकर ४ ओहमचा असेल तर १४०० गुणिले ४, म्हणजे व्हॉल्व्हला ५.६ किलोओहम दिसतो. ईसीएल८२ ला २०० व्होल्टवर नेमका हाच लोड हवा. यावरून हेही कळतं की तिथे ८ ओहमचा स्पीकर लावला तर लोड दुप्पट होतो आणि आवाज पातळ, कमजोर येतो. घरात ८ चे दोन असतील तर समांतर जोडा, ४ झाले. मीटरला २ व्होल्ट एसीची रेंज हवी. सगळ्यात स्वस्त मीटरवर एसी २०० पासूनच सुरू होतो, त्यावर हे वाचन भरवशाचं नसतं.

मेन्स ट्रान्सफॉर्मर पहिल्यांदा सिरीज बल्बमधूनच लावा, म्हणजे मेन्सच्या एका तारेत मध्येच जोडलेल्या बल्बमधून. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब शोधा, एलईडी चालत नाही. सेकंडरीच्या तारा मोकळ्या ठेवून एसी मोजा. बल्ब पेटलेलाच राहिला तर वाइंडिंग शॉर्ट आहे. तो भंगारवाल्याला परत.

इथे एक हिशोब माझ्या फार आवडीचा आहे. सेटमध्ये ईसीएल८२ ला ०.७८ अँपिअर आणि रेक्टिफायर ईझेड८० ला ०.६, असा मिळून १.३८ अँपिअरचा फिलामेंट करंट त्या ट्रान्सफॉर्मरने दिलेला असतो. ईझेड८० काढून जागेवर १एन४००७ डायोड लावले की ०.६ मोकळे झाले. ईसीसी८३ ला लागतात ०.३. म्हणजे नवा व्हॉल्व्ह वाढला तरी ट्रान्सफॉर्मर पूर्वीपेक्षा थंडच चालतो. डायोडने डीसी थोडा वाढतो, म्हणून त्यांच्यानंतर ३३० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स घालायचा.

व्हॉल्व्हची परीक्षा साधी आहे. काचेच्या डोक्यावरचा आरसा चंदेरी किंवा काळपट असेल तर ठीक. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. ४ आणि ५ पिनांमध्ये काही ओहम दिसले की फिलामेंट शाबूत.

वायरिंग

पाया आधी घाला. तीन पिनांची वायर, अर्थ थेट चॅसीला वेगळ्या बोल्टने, पेंट खरवडून. फेजमध्ये २५० मिलिअँपिअरचा स्लो फ्यूज, मग स्विच. मेन्स आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकमेकांशी काटकोनात. जागा ठरवायची युक्ती अशी: आउटपुट ट्रान्सफॉर्मर नुसता चॅसीवर ठेवा, स्पीकरच्या टोकांना एक जुना हेडफोन लावा, मेन्स ट्रान्सफॉर्मर चालू करा आणि आउटपुटवाला हळूहळू फिरवा. एका जागी गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. तिथे पेन्सिलने खूण करा, प्लग काढा आणि मगच भोकं पाडा.

डायोडनंतर ३३० ओहम, मग पहिला कंडेन्सर ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट. इथून आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, तिचं दुसरं टोक ईसीएल८२ च्या पिन ६ ला. पहिल्या कंडेन्सरपासून १ किलोओहम २ वॅट, दुसरा ४७ चा कंडेन्सर, आणि तिथून ४७० ओहममधून स्क्रीन (पेंटोडची दुसरी ग्रिड), पिन ७. पुढे १० किलोओहम, तिसरा कंडेन्सर २२ मायक्रोफॅरड, हा दोन्ही ट्रायोडचा पुरवठा. पहिल्या कंडेन्सरवर २२० किलोओहम १ वॅट कायमचा आडवा, म्हणजे बंद केल्यावर चार्ज आपोआप उतरतो. तरी दोन मिनिटं थांबून मीटरने बघायचंच.

फिलामेंटच्या दोन तारा घट्ट पिळून, चॅसीच्या कोपऱ्यातून न्या. ईसीएल८२ ला ४ आणि ५. ईसीसी८३ ला ४-५ एकत्र एक टोक आणि ९ दुसरं. वाइंडिंगला मधला टॅप नसेल तर दोन्ही तारांपासून १००-१०० ओहम ग्राउंडला.

आता सिग्नलचा रस्ता. जॅकपासून शील्डेड वायर, सॉकेटच्या पिनेलाच चिकटून ६८ किलोओहम, मग ईसीसी८३ ची पिन २. जॅकवर १ मेगओहम ग्राउंडला. पिन ३ पासून १.५ किलोओहम ग्राउंडला आणि त्याच्यावर २२ मायक्रोफॅरड. पिन १ ला १०० किलोओहममधून पुरवठा. पिन १ पासून २२ नॅनोफॅरड व्हॉल्यूम पॉटच्या वरच्या टोकाला, पॉटची मधली पिन ईसीएल८२ च्या पिन १ ला, खालची ग्राउंडला. ईसीएल८२ च्याच पिन ८ पासून २.२ किलोओहम ग्राउंडला. त्याच्यावर कंडेन्सर घालू नका, गेन आधीच भरपूर आहे. पिन ९ ला २२० किलोओहममधून पुरवठा. पिन ९ पासून पुन्हा २२ नॅनोफॅरड, पलीकडे ४७० किलोओहम ग्राउंडला, आणि ४.७ किलोओहममधून पिन ३. पिन २ पासून ३९० ओहम २ वॅट ग्राउंडला, त्याच्यावर १०० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट. ईसीसी८३ चा दुसरा ट्रायोड लागत नाही. त्याची ७ आणि ८ ग्राउंडला जोडा, ६ मोकळी.

मूळ सेटमध्ये स्पीकरपासून ट्रायोडच्या कॅथोडकडे परत येणारी एक फीडबॅकची तार असते. रेकॉर्ड सपाट, स्वच्छ वाजावी म्हणून ती होती. मी ती काढून टाकतो. गिटारला थोडा खरबरीतपणाच शोभतो. भाच्याला मात्र पहिल्या अ‍ॅम्पवर ती हवी होती, "मामा, स्वच्छ वाजू दे की!" म्हणाला. त्याच्यासाठी स्विच घातला. हल्ली तो स्विच बंदच असतो.

पहिल्यांदा चालू करताना

स्पीकर जोडलेला असल्याशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालू करायचा नाही. लोड नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं आणि वाइंडिंगच फुटतं. भंगारातून इतक्या कष्टाने आणलेली चीज अशी घालवू नका.

आधी सिरीज बल्ब लावून, व्हॉल्व्ह न बसवता. बल्ब क्षणभर चमकून विझला पाहिजे. लोड नसल्यामुळे डीसी २५० च्याही वर दिसेल, घाबरू नका. बंद करा, चार्ज उतरवा, व्हॉल्व्ह बसवा, पुन्हा चालू. बल्ब मंद लालसर राहील. अर्धं मिनिट झालं की स्पीकरमधून अगदी हलकी सळसळ यायला लागते. सगळं शांत असेल तर बल्ब काढून थेट लावा आणि मोजा. एक हात खिशात, मीटरचं काळं टोक चिमट्याने चॅसीला.

ईसीएल८२ च्या पिन ३ वर डीसी शून्य. पिन २ वर १६ च्या आसपास. समजा १६.४ आले, तर भागिले ३९० म्हणजे ४२ मिलिअँपिअर. स्क्रीनचे सुमारे ७ वजा, उरले ३५. पिन ६ आणि पिन २ यांच्यातला फरक १९० असेल तर १९० गुणिले ३५ मिलिअँपिअर, म्हणजे ६.६५ वॅट. या पेंटोडची मर्यादा ७ वॅट आहे. त्याच्यावर गेलं तर ३९० च्या जागी ४७० ओहम. आमच्याकडे रात्री अकरानंतर मेन्स २४५ पर्यंत चढतो, म्हणून हे मोजमाप मी मुद्दाम तेव्हाच करतो. ईसीसी८३ च्या पिन १ वर तिच्या पुरवठ्याच्या साधारण दोन तृतीयांश दिसलं की झालं.

गुणगुण आली तर आधी कानाने ओळखा. जाड, खालची ५० हर्ट्झची असेल तर फिलामेंटच्या तारा किंवा ग्राउंड. त्याहून वरच्या सप्तकातली, थोडी खरखरीत १०० ची असेल तर फिल्टरचे कंडेन्सर. व्हॉल्यूम शून्यावर आणला की जाते? मग दोष पहिल्या टप्प्यात. ग्राउंडच्या तारा जिथे सापडेल तिथे चॅसीला जोडल्या असतील तर सगळ्या एका जागी आणा. माझी तक्रार दहापैकी आठ वेळा तिथेच मिटली आहे.

साडेतीन वॅट कागदावर फार कमी वाटतात. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पॉट अर्ध्यावर गेला की वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात येऊन उभ्या राहतात. सेटमधला लंबगोल स्पीकर बेसला कच्चा आहे. मोठा दहा इंची ४ ओहमचा लावला तर तोच अ‍ॅम्प ओळखू येत नाही. पेटीसाठी मी प्लेयरचंच लाकूड वापरलं. टोनआर्मच्या जागी जॅक आला, तबकडीच्या भोकावर जाळी. मोटर अजून माळ्यावर पडून आहे. भंगारवाला दर महिन्याला तिची चौकशी करतो.